आरशातली उजवी

नगर-मनमाड रस्त्यावर हुरड्याच्या पाट्या लागल्या की मला कळतं, थंडी आता खरी आली. एसटीची काच अर्धी उघडी असते. आधी कारखान्याच्या मळीचा जड वास येतो आणि मग कुठल्यातरी शेतातून गोवऱ्यांच्या धुरात भाजलेल्या कणसांचा. बसमधली माणसं त्या वासानं खूश होतात, कुणीतरी कुणाला तरी फोन लावून ‘रविवारी या मग’ म्हणतं. माझी जीभ मात्र वरच्या डाव्या सुळ्याकडे जाते. तिथे आता काही वेगळं नाही. सुळा आहे, पण सगळ्या दातांसारखा रांगेत उभा आहे. जीभ तरीही जाते, चाचपते, परत येते. घरात एखादी खाट रिकामी झाली की कितीतरी दिवस नजर तिकडे जात राहते, तसं.

त्या हिवाळ्याबद्दल लिहावं असं खूप दिवस वाटत होतं. नीट लिहिता येईल की नाही, माहीत नाही. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलं नाही, त्यामुळे मनातलं कागदावर मांडायची सवय मलाही उशिरा लागली.

आम्ही जुळ्या. मी मार्था, ती मरिया. गाव देवळाली प्रवराच्या जवळ, चारी बाजूंना ऊस. लहानपणी आम्हाला कुणीच ओळखू शकायचं नाही. वर्गातल्या बाई एकीच्या हातावर पेनानं फुली काढायच्या आणि आम्ही दोघी मधल्या सुट्टीत दुसरीच्या हातावरही तशीच फुली काढून यायचो. मग दुधाचे दात पडले, नवे आले, आणि आमची ती मजा संपली. माझा वरचा डावा सुळा शेजारच्या दातावर चढून बसला आणि तिचा उजवा. केसांतला भोवरासुद्धा माझा एकीकडे, तिचा दुसरीकडे. चर्चमधल्या एक काकू म्हणायच्या, “देवानं एक पोरगी केली आन् तिच्याम्होरं आरसा धरला.” गावानं आमची नावंच बदलून टाकली. मी डावी, ती उजवी. पप्पा बांधावरून हाक मारायचे, “ए उजवे, पान्याची मोटर बंद कर! डावे, तू काय बघतीस, तू बी जा!” आणि आम्ही दोघी पळायचो.

बारावीच्या वर्षी पावसाळ्यात मरियाला डेंगूचा ताप आला आणि त्या तापात ती गेली. याहून जास्त मला इथे लिहिता येत नाही.

ती गेल्यावर काही दिवसांनी मी आरशासमोर उभी राहिले आणि दचकले. आरशात ती होती. हे मी काही भास झाला म्हणून सांगत नाही. आरसा डाव्याचं उजवं करतो, एवढंच ते होतं. माझा डाव्या बाजूचा चढलेला दात आरशातल्या मुलीच्या उजव्या बाजूला दिसत होता. चेहरा एकच, फरक फक्त त्या दाताचा, आणि आरशानं तोही पुसून टाकला होता. मी हसले तर उजवी हसायची. मी रडले तर उजवी रडायची, आणि ते तर बघवतच नसे. पुढे नगरला कॉलेजच्या हॉस्टेलवर आले, तर तिथे बेसिनवरच्या चिरलेल्या आरशातसुद्धा ती माझ्याआधी येऊन थांबलेली असायची. ब्रश करताना मी तिच्याकडे बघायचे. कधी कधी बोलायचे. कधी कधी आरशाकडे पाठ करून ब्रश करायचे.

त्याच सुमाराला आईची एक सवय बदलली होती. आम्ही लहान असताना रविवारी चर्चला जायच्या आधी आई आम्हाला बाहेर ओट्यावर बसवून वेण्या घालायची. एकीची वेणी चालू असताना दुसरी उन्हात पाय पसरून वाट बघायची. मरिया गेल्यावर आई मला आत बोलवायला लागली, कपाटाच्या आरशासमोर स्टुलावर. मी सुट्टीला घरी गेले की हे ठरलेलं.

“आई, मी कॉलेजात जाते आता. माझी मी विंचरते ना.”

“गप बस. तुझा भांग नेहमी वाकडा.”

ती माझ्यामागे उभी राहायची आणि आरशात बघत फणी चालवायची. खूप सावकाश. केसांत एकही गुंता नसताना पुन्हा पुन्हा. मला वाटायचं, ती भांग सरळ आलाय का ते बघतेय.

दाताचं दुखणं कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी सुरू झालं. चढलेल्या दाताच्या फटीत अन्न अडकायचं, हिरडी सुजायची, सुळा आतून गालाला घासून जखम व्हायची. उसाचं बिल आलं तेव्हा पप्पा म्हणाले, “यंदा तुझ्या दाताचं करून टाकू.” आम्ही नगरला एका दातांच्या डॉक्टर मॅडमकडे गेलो. पप्पा टोपी हातात घेऊन खुर्चीच्या कडेला बसले होते.

“त्या तारा बसवत्यात, त्या का?” त्यांनी विचारलं.

“तारांनीही होईल. पण हिचं अलायनरनं चांगलं होईल.” मॅडमनी ड्रॉवरमधून एक पारदर्शक साचा काढून त्यांच्या तळहातावर ठेवला. दातांच्या रांगेवर बसणारी पातळ प्लास्टिकची खोळ. “असे एकामागून एक बरेच ट्रे येतात. प्रत्येक ट्रे दाताला थोडासा ढकलतो. तो सैल झाला की पुढचा. जेवताना काढायचा, बाकी सगळा वेळ तोंडात.”

पप्पांनी तो उजेडात धरून बघितला. “एवढुसं हे दात हलवनार? नांगरानं हलत न्हाईत आमचं दात.”

मॅडम हसल्या. मग मला म्हणाल्या, “शेवटी तुझे दात कसे दिसतील, ते कॉम्प्युटरवर तयार झालं की दाखवते.” मी म्हटलं, नको. त्यांना वाटलं, मी लाजतेय.

खरं तर मला भीती वाटत होती आणि ते व्हायलाही हवं होतं, दोन्ही एकदम. गावात कुणी भेटलं की आधी माझ्या ओठांकडे बघायचं, ही कोणती ते बघायला. मग त्यांना आठवायचं की आता एकच उरलीय, आणि त्यांचा चेहरा उतरायचा. माझ्याकडे बघून इतक्या माणसांचे चेहरे उतरलेले मी पाहिले आहेत. मला फक्त मार्था असलेला एक चेहरा हवा होता. असं वाटणं चुकीचं आहे का, हे मला तेव्हा कळत नव्हतं. आजही पूर्ण कळलेलं नाही.

पोळ्याच्या सुमाराला पहिला ट्रे बसला. मॅडमनी काही दातांवर दाताच्याच रंगाचे बारीक उंचवटे चिकटवले, ट्रेला पकड मिळावी म्हणून. दोन दातांच्या मधे कागदासारखी पातळ पट्टी फिरवून किंचित जागा केली. दुखलं नाही, पण तो खरखर आवाज डोक्याच्या आतून आला. प्रत्येक नवा ट्रे घातला की पहिले एक-दोन दिवस सगळं तोंड आवळल्यासारखं व्हायचं. दुखणं नव्हतं ते. कुणीतरी हळू, न थांबता ढकलत राहावं तसं. मग ते ओसरायचं, आणि ओसरलं म्हणजे दात थोडा सरकलेला असायचा. तोंडात लाळ साचायची. ‘स’ आणि ‘श’ घसरायचे.

माझी रूममेट नाझनीन राहात्याची. तिला तर खेळणंच मिळालं.

“ए मार्था, ‘शिर्डीच्या शाळेत शंभर शेंगा’ म्हण की.”

“गप गं.”

“तोंडात मोबाईलचं कव्हर घालून फिरती आन् मला गप म्हणती! पडलीस तरी स्क्रीन फुटायची न्हाई तुझी.”

मेसमध्ये जेवायच्या आधी भिंतीकडे वळून ट्रे काढायचा, डबीत ठेवायचा, जेवून ब्रश करायचा, पुन्हा घालायचा. मधेच चहा नाही, गरम काही नाही, ट्रे तोंडात असताना फक्त साधं पाणी. टपरीवर सगळ्या चहा प्यायच्या तेव्हा मी कप हातात धरून फक्त ऊब घ्यायचे. मॅडमनी डबीबद्दल बजावलं होतं: “ट्रे हरवतात ते डबीत न ठेवल्यामुळेच. रुमालात, कागदात गुंडाळून ठेवला की गेलाच समज.”

आणि आरशातली उजवी बदलू लागली. आधी मला वाटलं, माझेच मनाचे खेळ. पण एका सकाळी मी हसून बघितलं आणि तो दात शेजारच्या दातावरून किंचित खाली उतरलेला होता. ती तीच होती, पण जरा लांब गेलेली. एसटी सुटल्यावर खाली उभं असलेलं माणूस असतं ना, अजून ओळखू येतं, पण डोळे दिसत नाहीत. मी नवा ट्रे घालायला घ्यायचे आणि हात थांबायचा. प्रत्येक ट्रे मी माझ्या हातानं घालत होते. दुसरं कुणी नाही.

थंडी पडायला लागली तेव्हा एका रविवारी मी घरी होते. आईनं स्टूल आरशासमोर ठेवलं, मी बसले. फणी दोनदा फिरली आणि थांबली. मी आरशात वर बघितलं. आई माझ्या केसांकडे बघत नव्हती, भांगाकडेही नाही. ती आरशातल्या तोंडाकडे बघत होती.

“हस बरं जरा,” ती म्हणाली.

मी हसले. तिनं फणी माझ्या मांडीवर ठेवली.

“तुझी तू विंचर आता. मोठी झालीस.”

ती स्वयंपाकघरात गेली आणि मी तशीच बसून राहिले. तेव्हा मला उमगलं की रविवारी सकाळी या स्टुलावर आई कुणाची वेणी घालत होती. मी आरशात जिला भेटत होते, तिलाच आई भेटत होती. आम्ही दोघी एकाच मुलीला, एकाच आरशात, कधी कधी एकाच वेळी. आणि दोघींनी एकमेकींना कधी सांगितलं नव्हतं. त्या दिवशी चर्चमध्ये गाणी म्हणताना मी तोंड उघडलं नाही.

नाताळ झाला. दफनभूमीत जाऊन आम्ही मरियाच्या कबरीला चुना दिला, झेंडू वाहिले. आई माझ्याशी बोलायची, जेवायला वाढायची, पण माझ्या तोंडाकडे बघायची नाही. बोलताना तिची नजर माझ्या खांद्यावर असायची.

जानेवारीत आमच्या वावरात हुरडा होता. ज्वारीचा छोटा तुकडा पप्पा त्यासाठीच ठेवतात. नाझनीन मुद्दाम राहात्याहून आली होती. दुपारचं कोवळं ऊन, बांधाशी खणलेला लहान खड्डा, त्यात गोवऱ्यांची धग. या खड्ड्याला आम्ही आगटी म्हणतो. पप्पा कणसं धगीत खुपसत होते, आई गरम कणसं तळहातावर चोळून हिरवे दाणे सुपात पाडत होती. लसणाची चटणी, दही, गूळ. मी खायला बसले आणि लक्षात आलं की डबी घरी राहिलीय. ट्रे काढून कागदी रुमालात गुंडाळला आणि सुपाशेजारी घोंगडीवर ठेवला.

“काकू, तुमच्या हाताला चटकं बसत न्हाईत का?” नाझनीन विचारत होती.

“बसत्यात की. मंग काय हुरडा गार खायाचा?” आई हसली. खूप दिवसांनी.

मी दाणे खात होते. कोवळ्या दाण्याचं दूध जिभेवर यायचं. भुसकट गोळा करून आई अधूनमधून आगटीत टाकत होती. आणि मग तो वास आला. ज्वारीचा नाही, शेणाचा नाही. घशाला झोंबणारा.

पप्पांनी नाक वर केलं. “ए, प्लॅस्टिक कुनी टाकलं आगटीत?”

मी घोंगडीवर हात फिरवला. रुमाल नव्हता.

“मी टाकलं,” आई म्हणाली.

“जाऊ द्या काकू, कागद समजून गेला असंल भुसकटात...” नाझनीननं सावरायला बघितलं.

“कागद समजून न्हाई. ठावं हुतं मला, त्यात काय हाय ते.”

पप्पा उठून उभे राहिले. “येडी झालीस का गं? पोरीची हिरडी सुजून सुजून...”

“ती चाललीय,” आई म्हणाली. कणीस तिच्या हातात तसंच होतं. “रोज थोडी थोडी चाललीय मरिया. आरशात बघते ना मी. एकदा गेली तवा मला काय करता आलं न्हाई. आता अजून थोडी ऱ्हाऊ द्या तिला.”

पप्पा पुन्हा आगटीशी बसले. नाझनीनला मरियाबद्दल माहीत होतं, आरशाबद्दल नव्हतं. तरी तिनं माझा हात धरला. आगटीतून तो वास येतच होता. मला आईची कीव आली, आणि खरं सांगायचं तर रागही आला. मी म्हटलं, “आई, मी हाय ना हितं. माझ्याकडं बघ की.”

तिनं बघितलं नाही. कणीस चोळत राहिली. दाणे सुपात पडत राहिले आणि कुणी खाल्ले नाहीत.

मॅडमना फोन केला तर त्या म्हणाल्या, आधीचा ट्रे घाल आणि दवाखान्यात ये. आधीचा ट्रे हॉस्टेलवर होता. तिथे पोचून तो घातला तर बसेना. एवढ्याशा वेळात दात परत निघाला होता, आपल्या जुन्या जागेकडे. दाबून बसवला तेव्हा डोळ्यांत पाणी आलं. तेव्हा मी विचार केला, हे सगळं थांबवावं का. मला माझा चेहरा मिळेल, पण आईच्या नजरेत त्याला जागा नसेल, तर त्या चेहऱ्याचं मी काय करू? फोनवर मी आईला म्हटलं, “तू म्हनशील तर बंद करते. पन डॉक्टरकडं तू चल. तिथं सांग.”

ती आली. चर्चला नेसायची साडी नेसून, पिशवी मांडीवर घेऊन बसली. मॅडमना मी सगळं सांगितलं, आरशासकट. त्यांनी ऐकून घेतलं. मग आईला समजावलं की अर्ध्यात थांबवता येतं, पण सुळा पुन्हा चढेल, आणि तिथलं हाड झिजत गेलं तर पुढे दात जाऊही शकतो.

आईनं विचारलं, “दात सरकला की त्याची आधीची जागा? ती मोकळीच ऱ्हाती का?”

“नाही. तिथे हाड भरून येतं. हळूहळू.”

“भरून येतं,” आई स्वतःशी म्हणाली.

“पण दातांची जुन्या जागेची ओढ जात नाही. म्हणून सगळं झाल्यावरही रोज रात्री रिटेनर घालावा लागतो. असाच एक ट्रे, पण ढकलणारा नाही, धरून ठेवणारा. कायमचा.”

“कायमचा?”

“हो. एखादा दिवस चुकवला तरी दुसऱ्या दिवशी तो घट्ट बसतो. दात निघालेले असतात परत.”

मॅडमनी कॉम्प्युटर आमच्याकडे वळवला. पडद्यावर माझं तोंड होतं. चेहरा नाही, नुसत्या दोन रांगा, गुलाबी हिरड्या, पांढरे दात, पहिल्या दिवसाचे. मी ते त्या दिवशी पहिल्यांदाच पाहिलं. आई पुढे झुकली.

“ही मार्था,” ती लगेच म्हणाली. बोट पडद्याला न लावता तिनं त्या दाताकडे दाखवलं. “ह्याच्यात डावीकडं हाय. बाई, हे उलटं करता येतं का? आरशात दिसतं तसं?”

मॅडमनी क्षणभर माझ्याकडे बघितलं आणि एक बटण दाबलं. दातांच्या रांगा कूस बदलल्यासारख्या फिरल्या. आणि पडद्यावर उजवी आली. अगदी तशीच. आईच्या तोंडातून लहानसा आवाज निघाला, कुणी खूप दिवसांनी दारात दिसल्यावर निघतो तसा.

ती किती वेळ बघत होती कुणास ठाऊक. बाहेरच्या खोलीत पेशंट खोकत होते. मॅडमनी घाई केली नाही. शेवटी आईनं पदरानं तोंड पुसलं.

“आता चालू करा,” ती म्हणाली. “फुडं न्या.”

मॅडमनी पुढे नेलं. पडद्यावर सुळा हळूहळू खाली उतरला, आत वळला, रांगेत शिरला. आता ती कुणीच नव्हती, डावीही नाही, उजवीही नाही. आई त्या सरळ दातांकडे बघत राहिली आणि मग खुर्चीतच वळून तिनं माझ्याकडे बघितलं. खांद्याकडे नाही. तोंडाकडे. तिचे डोळे माझ्या चेहऱ्यावर फिरत होते, नवीन माणसाची ओळख करून घेताना फिरतात तसे.

“कर पुरं,” ती म्हणाली. “तू दुखनं काढू नकोस, पोरी.”

पुढच्या पोळ्यापर्यंत सगळे ट्रे संपले. उंचवटे घासून काढले, जीभ गुळगुळीत दातांवरून घसरायला लागली. हॉस्टेलच्या आरशात आता मी असते. एकटी. मला जे हवं होतं ते मिळालं, आणि सकाळी ब्रश करताना त्या आरशासमोर मला इतकं शांत वाटतं की कधी कधी नळ उगाच जोरात सोडते.

रिटेनर मी रोज घालते. जवळजवळ रोज. कधीतरी, विशेषतः या दिवसांत, मी एखादी रात्र तो डबीतच राहू देते. मग सकाळी उठून घालते तेव्हा तो वरच्या डाव्या बाजूला घट्ट बसतो. तिथे एक दाब जाणवतो, आतून बाहेर, हलका, हट्टी. कुणीतरी आपल्या जागेवर परत यायला बघत असतं. मी बोटानं दाबून रिटेनर बसवते आणि तो दाब ओसरेपर्यंत खिडकीशी उभी राहते.

आईला हे मी सांगितलं नव्हतं. पण परवा सकाळी तिचा फोन आला, नेहमीसारखा. जेवलीस का, थंडी किती हाय, कणसं भरलीत, नाझनीनला घेऊन ये. आणि मग:

“आज घट्ट बसलं का गं ते?”

“व्हय,” मी म्हटलं.

“बरं झालं,” आई म्हणाली. “येऊन गेली म्हनायची.”